एका पेनीत आठ पानं

मंडळी, आजचा विषय म्हणजे इंग्लंडात आठवड्याला एका पेनीत मिळणाऱ्या खुनाखराब्याच्या गोष्टी. व्हिक्टोरिया राणी गादीवर आली १८३७ साली. पण आपल्याला त्याच्याही नऊ वर्षं मागं, एका फाशीपाशी जायचंय. मारिया मार्टेनच्या खुनाबद्दल सफकमध्ये विल्यम कॉर्डरला फासावर चढवलं, आणि लंडनमधल्या सेव्हन डायल्सच्या जेम्स कॅटनाक या छापखानेवाल्यानं त्याचा 'कबुलीजबाब' एकपानी छापून विकला. अकरा लाखांवर प्रती गेल्या म्हणतात. आकडा फुगवलेला असेल, निम्मा धरा! असले कबुलीजबाब पुष्कळदा फाशीच्या आधीच छापून तयार असत. खून खपतो हे फेरीवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. अडचण एकच, दर आठवड्याला नवा खून आणायचा कुठून?

तो कल्पनेतून आला, आणि त्याला हातभार लागला सरकारी कराचा. बातमीपत्राच्या प्रत्येक प्रतीवर मुद्रांक होता, १८३६पर्यंत चार पेनी, मग एक. गोष्टीवर मात्र मुद्रांक नव्हता. एडवर्ड लॉइड या प्रकाशकानं ही मेख बरोबर ओळखली. १८४०च्या सुमारास त्यानं एक साप्ताहिक काढलं, दिसायला थेट पोलीस गॅझेट, म्हणजे गुन्ह्यांच्या बातम्यांचं पत्र, पण आतले कोर्टाचे वृत्तांत चक्क बनावट! खरी बातमी दिली तर कर भरावा लागणार, म्हणून खोटी. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो.

किंमत बघा. तीन खंडांची कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना, म्हणजे ३७८ पेनी. चार्ल्स डिकन्सच्या कादंबरीचा मासिक हप्ता एक शिलिंग, बारा पेनी. लॉइडचा आठवड्याचा अंक एका पेनीत: आठ पानं, दोन रकाने, बारीक टाइप, पहिल्या पानावर लाकडी ठशाचं भडक चित्र. डिकन्सच्या नकलाही त्यानं बिनदिक्कत विकल्या, 'ऑलिव्हर ट्विस्ट'ची नक्कल 'ऑलिव्हर ट्विस' अशा नावानं! हस्तलिखित पसंत करण्याची त्याची रीतही न्यारी. संपादकाचा स्वतःवर भरवसा नसला, तर ते छापखान्यातल्या पोऱ्याला किंवा घरच्या नोकराला वाचायला द्यायचं. त्याला रुचलं की छापा.

१८४६च्या नोव्हेंबरात लॉइडच्या एका साप्ताहिकात 'द स्ट्रिंग ऑफ पर्ल्स' सुरू झाली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरचा न्हावी स्वीनी टॉड, खटका दाबला की गिऱ्हाइकासकट तळघरात उलटणारी खुर्ची, आणि शेजारच्या लव्हेटबाईंच्या दुकानात त्याच गिऱ्हाइकांचं मांस भरलेले 'पाई', म्हणजे भाजलेल्या कणकेचे कानवले. लेखक कोण यावर अजून वाद आहे. जुन्या भयकथांतले खून इटलीतल्या पडक्या किल्ल्यांत व्हायचे. हा फ्लीट स्ट्रीटवर, लॉइडच्या कचेरीपासून चार पावलांवर. वाचक रोज त्याच रस्त्यानं जायचा.

जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स या लेखकानं असल्या गोष्टींना राजकारणाची धार दिली. १८४४पासूनच्या त्याच्या 'मिस्टरीज ऑफ लंडन'मध्ये कबरी उकरणारा बदमाश आहे तसे सरदार-दरकदारही आहेत, आणि अधिक किळसवाणे कोण हे लेखकानं झाकून ठेवलेलं नाही. रेनॉल्ड्स चार्टिस्ट, म्हणजे कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चळवळीतला. लंडनच्या गरिबांवर लिहिणारा पत्रकार हेन्री मेह्यू यानं लिहून ठेवलंय, की निरक्षर फेरीवाले एखाद्या वाचणाऱ्याभोवती जमून हे हप्ते ऐकत आणि मध्येच प्रश्न विचारून त्याला भंडावून सोडत. साक्षरता वाढली म्हणून हे साहित्य खपलं असं सरसकट म्हणतात, तेव्हा हे ऐकणारे विसरले जातात.

याच रेनॉल्ड्सची छाया आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'मधली स्थिती'वर, त्यांच्या पहिल्याच कादंबरीवर आहे. साल १८८५.