पंचांगावरचे लाल शिक्के

श्रोतेहो, नमस्कार. चिनी माणसाच्या जन्मवर्षाचा प्राणी दर 12 वर्षांनी परत येतो. उंदीर, बैल, वाघ, जो असेल तो. ते वर्ष जपून राहायचं, कारण ताइ-सुइ या वर्षदेवतेचा कोप होतो म्हणे. मग घरातली वडीलधारी माणसं लाल करदोटा नाहीतर लाल पट्टा आणून देतात.

म्हणजे नशिबात लिहिलेलं असतं, असं ते मानतात. पण ते बदलता येतं, असंही मानतात. दोन्ही मानतात, हे ध्यानात ठेवा. आणि आता माझी आवडती गोष्ट ऐका.

मिंग राजवटीतला युआन ल्याओफान. तरुणपणी खोंग आडनावाच्या एका म्हाताऱ्या ज्योतिषाने त्याला सांगितलं: तालुक्याच्या परीक्षेत 14वा येशील, जिल्ह्यात 71वा. पोटी संतान नाही. मरण 53व्या वर्षी. नंबर तंतोतंत आले! सरकारकडून किती धान्य मिळेल, तेसुद्धा जुळलं. गड्याने हातपाय गाळले. सगळं ठरलेलंच, मग धडपड कशाला?

1569 साली नानजिंगजवळच्या डोंगरावर तो युन्गू या भिक्षूसमोर तीन दिवस डोळ्याला डोळा न लावता बसला. मन इतकं शांत कसं, तर म्हणाला, सगळं ठरलेलंच आहे, मग विचार कशाला? युन्गू म्हणाला, "मी तुला मोठा समजलो होतो, तू तर चारचौघांसारखाच निघालास!" आणि हातात वही दिली. रोजचं पुण्य एकीकडे, पाप दुसरीकडे. ल्याओफानने 3000 सत्कृत्यांचा संकल्प सोडला. दहा वर्षं लागली.

मग मुलासाठी आणखी 3000. तो वहीत लिहायचा. बायकोला लिहिता येत नव्हतं. ती हंसाच्या पिसाची नळी शेंदरी रंगात बुडवून पंचांगावर गोल शिक्का उमटवायची. गरिबाला जेवू घातलं, एक शिक्का. जीव सोडवला, एक शिक्का. काही दिवशी दहाच्या वर!

भिंतीवर खडूच्या रेघा मारून दुधाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या बायकांना अडाणी म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. असो.

1581 साली मुलगा झाला. पुढे सर्वांत वरची परीक्षा पास व्हावी म्हणून 10,000चा संकल्प. पास होऊन तो अधिकारी झाला. बायको काळजीत: कचेरीत बसून एवढी सत्कृत्यं व्हायची कशी? ल्याओफानच्या स्वप्नात देव आला आणि म्हणाला, शेतसारा कमी केलास ना, तेवढ्यातच 10,000 भरली.

53वं वर्ष सरलं. हे सगळं त्याने मुलासाठी लिहून ठेवलं, तेव्हा तो 69 वर्षांचा होता.