मातीचा गड, खजुराची काकवी

(दृश्य: पहाट. निझवाचा गोल बुरूज, पायथ्याशी खजुराच्या बागा.)

हा ओमानमधला निझवाचा बुरूज. मस्कतचा समुद्र मागे टाकून हजर नावाची डोंगररांग ओलांडली की तो दिसतो. उंची सुमारे 30 मीटर. लांबून आत दालनं असतील असं वाटतं, पण निम्म्या उंचीपर्यंत तो माती आणि दगडांनी ठासून भरलेला आहे. माथ्यावर तोफांचा मारा करायला चहूबाजूंनी 24 झरोके. तोफ उडाली की तिचा हादरा खालच्या भरावात जिरायचा.

ओमानचे तेव्हाचे राज्यकर्ते इमाम सुलतान बिन सैफ यांनी हा बांधला. काम 12 वर्षं चाललं. याच इमामांनी 1650 मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून घालवलं. पुढे 1674 मध्ये मस्कतचे अरब गलबतं घेऊन थेट आपल्या वसईवर उतरले.

(दृश्य: जिना. कॅमेरा हातात, अंधारातून वर.)

वर जायला हा एकच जिना. अरुंद, दर थोड्या पायऱ्यांनी वळणारा, आणि वळणावर जाड लाकडी दार. आता दाराच्या वर पाहा. ही फट हवेसाठी ठेवलेली नाही. दार फोडणाऱ्याच्या डोक्यावर इथून उकळतं पाणी पडायचं, किंवा उकळता खजुराचा पाक. पाण्यापेक्षा पाक वाईट. तो अंगाला चिकटून राहतो.

(दृश्य: मदबसा. जमिनीवरच्या पन्हळी, अगदी जवळून.)

एवढा पाक यायचा कुठून, ते या खोलीत कळतं. हिला मदबसा म्हणतात. जमिनीवर शेजारी शेजारी या उथळ पन्हळी, सगळ्यांचा उतार एका बाजूला. यांच्यावर खजुराची पोती रचायची, थरावर थर, पार वरपर्यंत. दार लावून घ्यायचं. बाकी काम उन्हाळ्याचं आणि वरच्या पोत्यांच्या भाराचं. खालचा खजूर दबतो, रस सुटतो, पन्हळीतून वाहत कोपऱ्यातल्या भांड्यात जमतो. आपली उसाची काकवी असते ना, तशीच दाट, तशीच काळपट. फक्त हिला चूल लागत नाही. शांततेच्या दिवसांत हेच गडावरचं खाणं. एकाच कोठारातून न्याहारीही निघायची आणि हत्यारही.

(दृश्य: सारूजचा गिलावा, बोटाने चाचपताना.)

भिंतीवरचा हा गिलावा सारूजचा. बागेतली चिकणमाती भिजवून तिच्या थापट्या करतात, वाळवतात, खजुराच्या ओंडक्यांवर रचून कित्येक दिवस भाजतात आणि मग कुटून चुन्यात कालवतात. जुने गवंडी आपल्याकडे चुन्यात विटांची सुरखी घालत, त्याच जातीचं हे काम. पाण्याला दाद देत नाही, म्हणून डोंगरातून पाणी आणणाऱ्या फलजच्या पाटांनाही हेच लावतात. माती बागेची, जळण बागेचं, पाक बागेचा. या गडाचा अर्धा इतिहास खजुराच्या झाडानेच लिहिला आहे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

1957 मध्ये ब्रिटिश विमानांनी या किल्ल्यावर हल्ला केला. बुरूज उभा राहिला.

(दृश्य: बहला. कच्च्या विटांच्या भिंती, दुपारचं ऊन.)

निझवापासून जवळच बहलाचा किल्ला. बनू नभान घराण्याच्या सत्तेचं हे ठाणं. पाया दगडाचा, त्यावरच्या भिंती आणि बुरूज उन्हात वाळवलेल्या विटांचे. अशा भिंतीचा वैरी पाऊस. 1987 मध्ये बहला जागतिक वारशाच्या यादीत आला आणि दुसऱ्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीत गेला, कारण दर पावसात तो थोडा थोडा ढासळत होता. त्या यादीतून बाहेर पडायला 2004 उजाडलं.

मातीच्या भिंतीला सिमेंट फासलं की ओल आत कोंडते. बाहेरून भिंत चकचकीत दिसते आणि आतून सुटत जाते. तिला मातीच लावावी लागते, आणि पुन्हा पुन्हा लावावी लागते. त्यासाठी मातीचा हात असलेला माणूस लागतो.

(दृश्य: माती कालवणारे हात. निवेदन थांबते. फक्त मातीचा आवाज.)