तोरण चित्रात, अक्षरं मात्र अक्षरांतच

गणेशोत्सव जवळ आला की गिरगाव-लालबागच्या मंडळांना साइटवर 'वर्गणी भरा' असं बटण हवं असतं. कार्यकर्त्यांची फर्माईश ठरलेली: झेंडूचं तोरण पाहिजे, अक्षरं ठसठशीत पाहिजेत. मग डिझाइन करणारा तोरण आणि अक्षरं एकाच चित्रात बसवून देतो. विसर्जन झालं, तिथे 'पावती पाहा' लिहायचं ठरलं, की एका शब्दासाठी पुन्हा नवं चित्र!

माझा आग्रह असा, की तोरण चित्रात राहू द्या, अक्षरं मात्र एचटीएमएलमध्ये, म्हणजे पानाचा मजकूर लिहिण्याच्या भाषेत, टाइप करा. चित्र सीएसएसमधून, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांतून, 'बॅकग्राउंड-इमेज' म्हणून मागे लावा. मजकूर मंडळातलं कुणीही बदलू शकेल, झूम केल्यावर तो फाटणार नाही आणि दृष्टिहीन भाविकाला स्क्रीन रीडर तो वाचून दाखवेल. मागे गडद केशरी 'बॅकग्राउंड-कलर'ही द्याच. नेट रेंगाळलं आणि चित्र आलंच नाही, तर पांढऱ्यावर पांढरी अक्षरं कोण वाचणार?

मराठीत ही चित्रांची सवय उगाच लागली नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिपींच्या अक्षरांना ठरलेले क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी समोरच्याच्या कॉम्प्युटरवर नेमका तो फाँट नसला की नुसती गिचमिड दिसायची. आज ती अडचण उरलेली नाही.

आता दाबण्याचं बघू. बटण ऐसपैस दिसतं, पण दाबलं जातं ते फक्त अक्षरांवर, हे तुम्हीही अनुभवलं असेल. कारण साधं आहे: चित्र आणि पॅडिंग (मजकुराभोवतीची मोकळी जागा) बाहेरच्या 'डिव्ह'ला, म्हणजे साध्या चौकटीला, दिलेलं असतं आणि लिंक आत, अक्षरांपुरतीच. ते सगळं 'ए' टॅगलाच, म्हणजे लिंकलाच, द्या. हा टॅग मुळात इनलाइन, म्हणजे ओळीतल्या शब्दासारखा, असतो, म्हणून 'डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक' करा. मग तोरणाच्या टोकावर बोट पडलं तरी लिंक उघडते. विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या बाईंना हेच हवंय. २०२३ साली आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, किमान २४ बाय २४ पिक्सेल जागा सांगितली आहे, कडक पातळीवर ४४ बाय ४४. मी ४४ च धरायला सांगेन.

देवनागरीचं वेगळं सांगायला हवं, कारण इंग्रजी धड्यांत ते येत नाही. 'पूर्ती' लिहून बघा. वर वेलांटी आणि रफार, खाली ऊकार. 'हाइट' ठोकून बसवली आणि 'ओव्हरफ्लो: हिडन' करून बाहेर जाणारं लपवलं, तर काहीतरी कापलं जातंच. 'मिन-हाइट' (किमान उंची) द्या, वर-खाली पॅडिंग 'ईएम'मध्ये, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या मापात द्या, 'लाइन-हाइट' (ओळीची उंची) अक्षराच्या दीडपटीच्या आसपास ठेवा. आणि अक्षरांमधलं अंतर बदलणाऱ्या 'लेटर-स्पेसिंग'ला हातही लावू नका, शिरोरेषा तुटते.

मजकूर वाढला की तोरण ताणलं जातं, ही शंका रास्त आहे. २००३ मध्ये डग्लस बोमन यांनी 'स्लायडिंग डोअर्स' ही युक्ती मांडली होती: चित्राचे दोन तुकडे, मजकुराच्या लांबीप्रमाणे एकमेकांवरून सरकणारे. आता 'बॉर्डर-इमेज' आहे. ती चित्राचे नऊ भाग करते, कोपरे तसेच ठेवते आणि 'राउंड' लिहिलंत तर कडेची फुलं ताणण्याऐवजी पुन्हा पुन्हा मांडते. फक्त सोबत 'बॉर्डर-स्टाइल: सॉलिड' लिहा, नाहीतर किनार उमटतच नाही, आणि बॉर्डरची जाडीही द्या. ही किनारही लिंकचाच भाग असते, म्हणजे तीही दाबता येते.