येल पोलीस: पगार विद्यापीठाचा, अधिकार राज्याचे

[दृश्य: फेल्प्स गेट, सकाळ]
अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातलं न्यू हेवन. या कमानीतून आत गेलं की येल विद्यापीठाचं जुनं आवार लागतं. आपल्याकडे विद्यापीठाच्या फाटकावर सुरक्षारक्षक असतो आणि गुन्हा घडला की हद्दीतल्या पोलीस ठाण्याला फोन जातो. इथे विद्यापीठाचं स्वतःचं पोलीस दल आहे, कमरेला पिस्तूल लावून फिरणारं.

[जुनी छायाचित्रं]
सुरुवात १८९४ ची. वैद्यकीय शाखेसाठी दफनभूमीतून प्रेतं पळवतात, अशी बोलवा शहरात उठली होती. गावकरी आणि विद्यार्थी एकमेकांवर धावून जात होते. तेव्हा शहर पोलिसांतले विल्यम वायझर आणि जेम्स डॉनेली आवारात नेमले गेले. पोरांना ते आधी नकोच होते. पण दोघं रोज दिसायचे, बोलायचे. ओळख वाढली, विश्वास बसला. पुढे येलने त्यांना आपल्याच नोकरीत घेतलं. अमेरिकेतलं पहिलं विद्यापीठ पोलीस दल म्हणतात ते हेच.

[दृश्य: निळ्या दिव्याचा खांब, जवळून]
या खांबाचं बटण दाबलं की फोन थेट येल पोलिसांना लागतो आणि खांब कुठला, तेही त्यांना कळतं. दलात सर्वांत वर चीफ, त्यांच्या हाताखाली सहायक चीफ, मग लेफ्टनंट, सार्जंट आणि गस्तीवरचे पोलीस. तपासाला डिटेक्टिव्ह. सुरक्षा विभाग वेगळा. त्याच्या माणसांना अटकेचे अधिकार नाहीत.

[दृश्य: अॅशमन स्ट्रीट, रोझ सेंटर]
हे मुख्यालय. याच इमारतीत शेजारच्या डिक्सवेल वस्तीतल्या लोकांसाठी शिक्षणकेंद्रही आहे. चांगलं केलं, असंच म्हणावं लागेल.

[दृश्य: गणवेशावरचा बिल्ला]
आता हा बिल्ला नीट पाहा. माणूस निवडतं येल, पगार देतं येल. नेमणूक मात्र न्यू हेवन शहराचं पोलीस आयुक्त मंडळ करतं, राज्याच्या कायद्यानुसार, आणि अधिकार मिळतात ते शहर पोलिसांचेच. मग खासगी विद्यापीठाचं दल म्हणून कागदपत्रं दडवता येतील का? २००८ मध्ये राज्याच्या माहिती आयोगाने निकाल दिला: नाही. हे दल सार्वजनिक यंत्रणाच आहे. तो निकाल व्हायलाच हवा होता.

[दृश्य: मोर्चा]
एप्रिल २०१९. येलचा एक पोलीस आणि शेजारच्या हॅम्डनचा एक, दोघांनी एका गाडीवर गोळ्या झाडल्या. आतले दोघेही निःशस्त्र होते. तरुणी जखमी झाली. लोक रस्त्यावर आले.

[दृश्य: गुन्ह्यांची नोंदवही]
आणि ही रोजची नोंदवही. १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीचा खून झाला. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि १९९० मध्ये देशभरासाठी कायदा झाला. कोणता गुन्हा, कधी, कुठे, पुढे काय झालं, हे सगळं इथे लिहावंच लागतं. गेल्या ६० दिवसांच्या नोंदी कामाच्या वेळेत कोणीही पाहू शकतं. त्याआधीच्या मागितल्या, तर कामकाजाच्या दोन दिवसांत द्याव्या लागतात.