ब्रह्मगिरी: दोन समुद्रांना पाणी देणारा डोंगर

त्र्यंबकेश्वर गाव मागे पडलं की वाट थेट डोंगराला भिडते. श्रावणातली सकाळ आहे. पायऱ्यांवरून पाणी खाली येतंय आणि त्याच पाण्यातून माणसं वर चालली आहेत. कुणी अनवाणी, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणाच्या हातात रिकामा तांब्या. तो वर जाऊन भरायचा आहे.

आता हा जिना बघा. दोन्ही बाजूंना ताशीव कातळ आणि मधोमध कातळातच खोदलेल्या पायऱ्या. ब्रह्मगिरी म्हणजेच त्र्यंबकगड. मोरोपंत पिंगळ्यांनी 1670 मध्ये तो स्वराज्यात आणला, 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. पण आज या वाटेवर किल्ला बघायला येणारे थोडे. येतात ते गौतम ऋषींची गोष्ट मनात घेऊन.

ती गोष्ट सुरू होते दुष्काळापासून. पाऊस नाही, रानं करपली, ऋषी-मुनी आश्रम सोडून निघाले. गौतमांनी वरुणाची आराधना केली आणि वरुणाने त्यांना कधी न आटणारं पाणी दिलं. आश्रमाभोवती भात डोलू लागला, गेलेले लोक परतले. मग पाणी आधी कुणी भरायचं यावरून आश्रमातल्या बायकांचं भांडण झालं. ते वाढत गेलं, मनं कडू झाली, गौतमांना इथून घालवायचं ठरलं. त्यांच्या शेतात एक गाय सोडली गेली. गौतमांनी तिला हाकलायला नुसती दर्भाची काडी उगारली आणि गाय कोसळली. गोहत्येचं पातक धुवायला गंगाच हवी, म्हणून गौतम याच डोंगरावर तपाला बसले.

हे माथ्यावरचं जटामंदिर. शंकराने इथे जटा आपटल्या आणि गंगा उतरली, असं भाविक सांगतात. कातळावरच्या या वळ्या त्या जटांच्याच, ही त्यांची श्रद्धा. पलीकडे मूळगंगेचं ठिकाण. तांबे भरले जातात ते इथे.

एवढ्या उंचावर पाणी टिकतं कसं, हे हा कडाच दाखवतो. लाव्हाचे थर एकावर एक बसून हा काळा पाषाण झाला. माथ्यावर पडलेला पाऊस भेगांतून आत मुरतो, घट्ट थर लागला की आडवा सरकतो आणि मिळेल त्या फटीतून बाहेर येतो. गोदावरी माथ्यावर दिसते, लुप्त होते, खाली गंगाद्वारला पुन्हा प्रकटते, तिथून त्र्यंबकेश्वरातल्या कुशावर्त कुंडात येते, हे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलंय. सांगणाऱ्यांनी हा डोंगर नीट पाहिला होता, असं मला मनापासून वाटतं.

इथून निघालेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेतली वैतरणा उलट दिशेला, अरबी समुद्राकडे जाते. मुंबईच्या नळांना येणारं बरंचसं पाणी तिच्या धरणांतलं.

गंगाद्वारजवळच्या या गुहा नाथपंथाच्या. ब्रह्मगिरीला फेरी, म्हणजे प्रदक्षिणा, घालताना वाघ आडवा आला, घरच्यांची चुकामूक झाली आणि लहानगे निवृत्तिनाथ गहिनीनाथांच्या गुहेत शिरले, ते याच डोंगरात. त्यांची समाधी पायथ्याला, त्र्यंबकेश्वरातच आहे. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी निघणाऱ्या फेरीला अजूनही रस्ता माणसांनी भरून जातो. छोटी फेरी सुमारे वीस किलोमीटरची, मोठी त्याच्या दुप्पट.

वाटेकडेला काकड्या घेऊन बसलेल्या या मावश्या मेटघर किल्ला गावच्या. गडाच्या पहाऱ्यासाठी उतारावर मेटं, म्हणजे चौक्या, बसवली, त्याच या वस्त्या. उन्हाळ्यात इथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो. 2021 मध्ये पायथ्याला यंत्रं लावून डोंगर पोखरला जात होता, लोक उभे राहिले तेव्हा ते थांबलं.

2027 चा सिंहस्थ जवळ आलाय. रस्ते, घाट, वाहनतळ, सगळ्याची तयारी चालू आहे. त्या यादीत मेटांवरच्या विहिरी आणि साठवण टाक्या सगळ्यात वर असल्या पाहिजेत, आणि या उतारांवर पुन्हा यंत्र चढता कामा नये.