धार कुठे अडली?

नळ पूर्ण उघडलाय, तरी धार करंगळीएवढी. गिझरचा दिवा केव्हाच विझला, म्हणजे पाणी तापलंय. पण शॉवरखाली उभं राहावं तर अंघोळ अर्ध्यावर असतानाच ते कोमट. घरात एकच वाक्य ऐकू येतं, ‘पाण्याला फोर्सच नाही.’ आणि बोलणं थेट नव्या पंपावर जातं.

आधी घरभर फिरून सगळे नळ उघडून बघा. धार एकाच नळाची बारीक आहे की सगळ्यांची? आणि गार पाणी जोरात येऊन फक्त गरमच कमी येतंय का? निम्मा तपास इथेच होतो.

एकाच नळाची तक्रार असेल, तर त्याच्या तोंडाची जाळी फिरवून काढा. वाळूचे कण, गंजाचे पापुद्रे, क्षारांचा पांढरा थर. जाळीशिवाय धार मोकळी पडली, की दोष सापडला. जाळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की क्षार सुटतात.

सगळ्याच नळांची धार बारीक असेल, तर नजर टाकीकडे. दाब ठरतो उंचीवर. पाण्याची पातळी नळाच्या १० मीटर वर असेल तर दाब साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक). ३ मीटर वर असेल तर जेमतेम ०.३ बार. म्हणून टाकी एकच असली, तरी तळमजल्यावर पाणी उसळतं आणि वरच्या मजल्यावरचा शॉवर नुसता ठिबकतो. तिथे पंप हवाच.

पण पूर्वी जोरात पडणारी धार हळूहळू बारीक झाली असेल तर? टाकी काही खाली आलेली नाही. पाण्याची वाट अडली आहे. कुणीतरी अर्धवट फिरवून सोडलेला कॉक, टाकीच्या तोंडाशी बसलेला गाळ किंवा आतून गंजलेला जुना लोखंडी पाइप. पाइपाचं भोक निम्मं झालं, की पाणी निम्मं होत नाही. ते पाव हिश्श्याहूनही कमी होतं. अशा पाइपावर पंप बसवला, तर कुजलेल्या जोडांतून गळती सुरू होण्याचीच भीती जास्त.

आता गरम पाणी. १५ लिटरच्या गिझरमधलं ६० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यात मिसळून अंघोळीजोगं, ४० अंशांचं केलं, तर जास्तीत जास्त ३० लिटर होतं. मिनिटाला ८ लिटर सोडणारा शॉवर ते चार मिनिटांच्या आत संपवतो. इथे गिझरचा काहीच दोष नाही. टाकी नसलेल्या ३ किलोवॅटच्या गिझरची गोष्ट वेगळी. पाणी २५ अंशांनी तापवायचं, तर तो मिनिटाला दोन लिटरही देऊ शकत नाही. तिथे नळ थोडा बंद केला, की पाणी जास्त गरम येतं.

गिझर तापलेला आहे, पाणी मात्र पहिल्यापासून कोमट, असं असेल तर एक सोपी परीक्षा आहे आणि ती फार थोडे लोक करतात. गिझरचं बटण बंद करा, त्याच्याकडे जाणाऱ्या गार पाण्याचा कॉक बंद करा आणि गरम पाण्याचा नळ सोडा. पाणी थांबायला हवं. ते येतच राहिलं, तर कुठल्यातरी मिक्सरमधून, म्हणजे गरम-गार पाणी एकत्र करणाऱ्या नळातून, गार पाणी गरम पाण्याच्या पाइपात शिरतंय. गिझर बदलून ते थांबणार नाही. मिक्सरच दुरुस्त करावा लागेल.

आणि गिझरखालचा सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब बाहेर सोडणारी झडप. तापताना पाणी फुगतं. १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर गेलं, की सुमारे पाव लिटर वाढतं. त्या वेळी व्हॉल्व्हमधून पडणारे थेंब पाहून घाबरू नका आणि त्याचं तोंड कधीही बुजवू नका. गिझर गार असतानाही त्यातून पाणी वाहत असेल, तर व्हॉल्व्ह बिघडलाय किंवा पाइपातला दाब फार आहे. गिझरचं झाकण न उघडता मेन स्विच बंद करा आणि प्लंबरला बोलवा.