पेवातला कंदील

अध्यक्ष महाराज आणि सांगलीकर मित्रहो,

आजचा विषय पत्रिकेत 'हळदीच्या पेवांचे ज्ञान आणि त्याची नोंद' असा छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. पण गेल्या महिन्यात माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, 84व्या वर्षी वारले, आणि तेव्हा दैनिकात आलेल्या चार ओळींपासूनच मला सुरुवात करावी लागेल. 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, एक मुलगी, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे,' एवढे त्यात होते. मी लिहून दिलेल्या मजकुरात आणखी एक वाक्य होते: 'त्यांनी 45 वर्षे हरिपूरची पेवे भरली आणि काढली, आणि त्यांच्या हाताखालचा एकही माणूस पेवात दगावला नाही.' जागेअभावी ते गळले, असे मला सांगण्यात आले. माणूस कोणाला मागे ठेवून गेला हे आपण आवर्जून छापतो, पण त्याला काय येत होते ते कोठेही नोंदवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे.

पेव म्हणजे काय, हे या सभागृहातल्या वडीलधाऱ्यांना सांगायला नको. मागे बसलेल्या मुलांसाठी थोडे सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ हरिपूरला आणि पलीकडे सांगलीवाडीला जमीनच अशी चिवट आहे, की तिच्यात वीस-पंचवीस फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा खणला तरी तो ढासळत नाही. आत शेणाने सारवायचे, पाल्याचे अस्तर द्यायचे, हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. आतला प्राणवायू संपत जातो, कर्बवायू साठतो आणि कीड जगू शकत नाही. म्हणून हळद वर्षानुवर्षे टिकते. मात्र ज्या हवेत कीड जगत नाही, त्या हवेत माणूसही जगत नाही, आणि आबांची सगळी विद्या या एका गोष्टीभोवती होती.

एक प्रसंग मला विस्ताराने सांगायचा आहे. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो आणि आबांची भाकरी घेऊन पेवावर गेलो होतो. पेव सकाळीच उघडले होते, ट्रक उभा होता, व्यापारी घाई करत होता. आबांनी दोराला कंदील बांधून खाली सोडला. निम्म्यावर जाताच ज्योत आखडली आणि विझली. त्यांनी पाल्याची जुडी दोराने कितीतरी वेळ खालीवर करून हवा हलवली, पुन्हा कंदील सोडला, तो तळाच्या थोडे वर विझला. व्यापारी म्हणाला, "अहो, दोनच हात राहिलं, उतरा की." आबा दोर गुंडाळत म्हणाले, "शेट, ट्रक उद्या पण मिळंल. ही पोरं कुणाच्या घरची हाईत, ठाव हाय न्हवं?" त्या दिवशी कोणी उतरले नाही आणि कोणाला मजुरीही मिळाली नाही. आईने त्या रात्री आमटीत पाणी वाढवले, आणि आबांनी ती मागून घेऊन दोनदा वाढून घेतली. हवेत प्राणवायू साधारण 21 टक्के असतो आणि तो 16 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्योत विझते, हे मी पुढे महाविद्यालयात शिकलो; आबांना तो आकडा ठाऊक नव्हता, पण ज्योत कोणत्या रंगाची झाली की माणूस वर घ्यायचा, हे ठाऊक होते. तो रंग मी त्यांना कधी विचारला नाही.

विचारला नाही, कारण त्यांनी आम्हा भावंडांना पेवाच्या तोंडाजवळही फिरकू दिले नाही. बहिणीच्या लग्नात त्यांनी एकेक हळकुंड हाताने मोडून, आतला रंग पाहून निवडले, त्याची तिला आजही आठवण आहे. पण त्या निवडीची रीत तिलाही शिकवली नाही. आपली मुले शाळेत जावीत, एवढाच त्यांचा हट्ट होता. मुलांवरच्या मायेपोटीच त्यांची विद्या त्यांच्यापाशी राहिली. पुढे 2005च्या महापुरात, आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट असताना पाणी 53 फुटांच्या वर गेले, पेवे बुडाली, आणि आबांचे काम त्या पावसाळ्यात कायमचे थांबले.

संयोजकांची दुसरी चिठ्ठी आली आहे, तेव्हा ठरलेला विषय आता घाईने मांडतो, याबद्दल क्षमा असावी. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन मालाला मिळते, हाताला मिळत नाही. म्हणून पेवाची मापे, मातीची पारख, अस्तराचे थर, उघडण्याची वेळ आणि कंदिलाची परीक्षा हे सगळे, ज्यांनी केले त्यांच्याच शब्दांत आणि त्यांच्या नावानिशी, उतरून घेतले पाहिजे. हे काम घरातल्या मुलांनीच करावे. विद्यापीठाची वाट पाहत बसलो तर विचारायला माणूस उरणार नाही. निधनवार्तेतही परिवाराच्या आधी एक ओळ कामाची असावी, एवढी विनंती मी येथे उपस्थित असलेल्या संपादकांना करतो.

दुसऱ्या रांगेत बसलेले दोघे आजोबा आबांबरोबर पेवात उतरलेले आहेत. मी वही आणली आहे. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी कृपया जाऊ नये. ज्योतीचा तो रंग मला आज लिहून घ्यायचा आहे.